झाडकामाचा धंदा : गाडी, ट्रॉली आणि कागदपत्रे

पावसाळा जवळ आला की झाडकाम करणाऱ्या मंडळींना फुरसत मिळत नाही. सोसायटीच्या आवारातील फांद्या छाटायच्या असतात, घरावर झुकलेला नारळ उतरवायचा असतो, वादळात आडवा झालेला गुलमोहर रस्त्यावरून हटवायचा असतो. या धंद्याला भांडवल फार लागत नाही. एक-दोन कटर मशीन, दोर, शिडी, कुऱ्हाडी-कोयते, जिवाला जपून काम करणारी चार-पाच माणसे आणि एक गाडी. ही गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते आणि धंद्यातील सर्वांत महाग वस्तू तीच असते.

झाड पाडताना काय धोका आहे, हे या धंद्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पण काम संपल्यावर ओंडके आणि फांद्या घेऊन गाडी रस्त्यावर निघते तेव्हाचा धोका वेगळा असतो. अपघात झाला आणि गाडीचा कागद प्रत्यक्ष कामाशी जुळला नाही, तर नुकसानभरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. माणूस दगावला असेल तर ही रक्कम लाखांच्या घरात जाते. गाडी विकून ती फिटत नाही, घरापर्यंत पाळी येते. म्हणून महाराष्ट्रातील छोट्या कंत्राटदाराला गाडी, चालक, ट्रॉली आणि भार यांविषयी जे नियम माहीत असायला हवेत, ते आम्ही या लेखात क्रमाने देत आहोत.

१. गाडीची नोंद कशी आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या कायद्यात ‘मालवाहू वाहन’ याची व्याख्या दुहेरी आहे. जे वाहन माल वाहण्यासाठीच बनवले आहे ते मालवाहू आहेच. पण जे त्यासाठी बनवलेले नाही, त्यातून माल वाहिला तर त्या वापरापुरते तेही मालवाहू ठरते. पांढऱ्या पाटीच्या खाजगी जीपमध्ये मागची सीट काढून रोज लाकडे भरणाऱ्याने ही व्याख्या दोनदा वाचावी. गाडी घराची आहे, विमा खाजगी गाडीचा आहे आणि वापर धंद्याचा आहे. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वापराचाच विचारते.

धंद्याच्या मालवाहू गाडीची नोंद ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणून हवी. तिची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. अशा गाडीला फिटनेस दाखला लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दर वर्षी तो नवा करावा लागतो. जुना टेम्पो स्वस्तात घेणाऱ्याने किमतीबरोबर हा दरवर्षीचा खर्चही हिशेबात धरावा.

परमिटबद्दल एक सोपी खूण आहे. ज्या मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. कायद्याच्या कलम ६६ मध्ये ही सूट आहे. छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा टेम्पो यात बसतो. मोठ्या पिकअपच्या काही मॉडेलांचे एकूण वजन मात्र ३,००० किलोच्या वर जाते. दिसायला दोन्ही पिकअप सारख्याच असतात, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. आपल्या नोंदणी पुस्तकातील ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ हा आकडा पाहावा. परमिट लागत असून ते नसेल तर कायद्यात १०,००० रुपये दंड आहे आणि पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विमा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अमृत पाल सिंग यांच्या खटल्यात असे ठरवले की परमिटाशिवाय गाडी चालवणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. कंपनीने जखमी किंवा मृताच्या वारसांना पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, हा आदेश न्यायालयाने कायम ठेवला.

गाडीत मनाने बदल करू नयेत. जास्त फांद्या मावाव्यात म्हणून बाजूचे फाळके वेल्डिंग करून उंच करणे, ओंडके उचलण्यासाठी मागे घरगुती क्रेन बसवणे, हे प्रकार आपण सर्रास पाहतो. आर.टी.ओ.च्या मंजुरीशिवाय केलेल्या अशा बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

२. चालकाचे लायसन्स

‘माझ्याकडे एल.एम.व्ही.चे लायसन्स आहे, मग पिवळ्या पाटीची पिकअप चालवता येते का?’ हा प्रश्न या धंद्यात नेहमी विचारला जातो. अनेक वर्षे याचे उत्तर दोन ठिकाणी दोन मिळत असे. आता ते स्पष्ट झाले आहे.

कायद्यातील हलक्या वाहनाच्या व्याख्येत मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन पाहतात आणि ट्रॅक्टरचे रिकामे वजन पाहतात. दोन्हीची मर्यादा ७,५०० किलो आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात निर्णय दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला या मर्यादेतील मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळी ‘ट्रान्सपोर्ट’ नोंद लागत नाही. विमा कंपन्यांनी त्यावर हरकत घेतली आणि प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी खटल्यात तोच निर्णय कायम केला. केवळ वेगळी नोंद नाही एवढ्या कारणावरून ७,५०० किलोच्या आतील गाडीचा विमा दावा आता नाकारता येत नाही.

मात्र यातून चुकीचा अर्थ काढू नये. लायसन्स चालू असलेच पाहिजे. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. फक्त ट्रॅक्टरचे लायसन्स असलेल्या मुलाला ‘जरा गाडी वळवून लाव’ म्हणून पिकअपवर बसवणे, हेही बिनलायसन्स गाडी देण्यासारखेच आहे. कायद्यात चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि गाडी हाती देणाऱ्या मालकालाही ५,००० रुपये आहे. ७,५०० किलोच्या वरचा ट्रक असेल तर त्या वर्गाचे लायसन्स वेगळे लागते. मोठे झाड उतरवण्यासाठी हायड्रा क्रेन भाड्याने आणली तर तिच्या चालकाकडे त्या यंत्राची नोंद असलेले लायसन्स आहे की नाही, हे काम सुरू होण्याआधी पाहून घ्यावे.

३. मागे जोडून ओढण्याचे नियम

झाडकामात मागे ओढल्या जाणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या असतात : ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकावरचे चिपर यंत्र आणि बंद पडलेली गाडी. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

ट्रॉली : मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन कायद्याच्या भाषेत ‘ट्रेलर’ होय. आपण त्याला ट्रॉली म्हणतो. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीला स्वतःची नोंदणी लागते. तिचा नंबर तिच्या बाजूला लिहावा लागतो आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर तो शेवटच्या ट्रॉलीवर हवा. गावातील वेल्डरकडून बनवून घेतलेली बिननंबरची ट्रॉली स्वस्त पडते, पण रस्त्यावर ती नोंदणी नसलेले वाहन ठरते आणि पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात.

ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचाही निघाला, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर लिहिलेला हवा आणि तिचा हप्ता भरलेला हवा. पॉलिसी हातात आली की घरी नेऊन कपाटात ठेवण्याआधी एवढी एक ओळ शोधावी.

ट्रॅक्टरच्या चालकासाठी एक दिलासा आहे. नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले की ट्रॅक्टरला मालाची ट्रॉली जोडली एवढ्यावरून ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स निरुपयोगी ठरत नाही. पण हा निर्णय लायसन्सपुरता आहे. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला आणि विमाही शेतीच्या वापराचा, आणि त्यावर शहरातील सोसायटीची लाकडे भाड्याने वाहायची, ही अडचण त्या निर्णयाने सुटत नाही. ज्याला ट्रॅक्टर नेहमीच धंद्यासाठी वापरायचा आहे त्याने आर.टी.ओ.त तशी नोंद करून घ्यावी आणि विम्यातही तसा वापर लिहून घ्यावा.

चिपर : फांद्यांचा भुगा करणारे यंत्र स्वतःच्या चाकांवर असेल आणि गाडीमागे जोडून रस्त्याने नेले जात असेल, तर ते ट्रेलरच्या व्याख्येत येते. म्हणून यंत्र विकत घेताना विक्रेत्याला विचारावे की याची ट्रेलर म्हणून नोंदणी होते का आणि त्यासाठीचे कंपनीचे कागद मिळतात का. ‘यंत्राला नंबर कशाला लागतो?’ असे उत्तर मिळाले तर ते यंत्र ओढत नेण्याचा विचार सोडावा आणि गाडीच्या हौद्यात चढवून, बांधून न्यावे. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकवर उचलून नेता येणारे, पी.टी.ओ.वर चालणारे यंत्र हा छोट्या धंद्यासाठी आणखी सोपा मार्ग आहे, कारण ते चाकांवर ओढले जात नाही.

बंद गाडी : बंद पडलेली गाडी दोराने किंवा दांडीने ओढून जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे ही अडचणीतील सवलत आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंगवर जाणता माणूस हवा, वेग कमी हवा आणि मागून येणाऱ्याला दिसेल अशी खूण हवी. लाकूड भरलेली गाडी बंद पडली तर आधी माल उतरवावा, मग गाडी ओढावी. तोडलेला ओंडका साखळी लावून डांबरी रस्त्यावरून फरफटत नेण्याचा प्रकार तर पूर्ण बंद करावा. ओंडक्याला ब्रेक नसतो, दिवा नसतो. वळणावर तो कोणाच्या पायावर जाईल हे ट्रॅक्टरवाल्याला कळतही नाही.

ऊस हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर ज्याने रात्री प्रवास केला आहे, त्याला मागे दिवा नसलेली ट्रॉली म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडाच्या ट्रॉलीचेही तसेच आहे. मागे लाल रिफ्लेक्टर, चालणारा दिवा, जोडाच्या पिनेला लॉक आणि पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी, एवढे रोज निघताना पाहावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

४. ओल्या लाकडाचे वजन

वाळलेले सरपण आणि आज तोडलेले लाकूड यांच्या वजनात मोठा फरक असतो. ताज्या, ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण ८०० ते १,००० किलो भरतो. आता हिशेब करू. दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर लांबीचा आणि ६० सेंटिमीटर व्यासाचा सरळ ओंडका घेतला तर त्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर होते. घनमीटरला ९०० किलो धरले तर हा एकच ओंडका साधारण ७६५ किलोचा झाला. ज्या छोट्या टेम्पोचे पासिंग ७५० किलोचे आहे, त्याचा भार एका ओंडक्यातच ओलांडला गेला. हौद्यात अजून जागा दिसते म्हणून वर फांद्या टाकल्या जातात. कटर मशीन, दोर आणि माणसे त्यानंतर चढतात.

जादा भारासाठी कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल स्वतःच्या खर्चाने उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. माल हौद्याच्या बाजूने, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर निघत असेल तर त्यालाही २०,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. फांद्या तर बाहेर निघणारच, असे म्हणून चालत नाही. त्या कापूनच भराव्यात. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांच्या उंचीवर टोकदार फांदी लोंबत असते, हे विसरू नये.

यावर उपाय साधा आहे. आपल्या गाडीचे पासिंग किती, ते नोंदणी पुस्तकातून पाहून दरवाजाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावे. सुरुवातीच्या चार-पाच खेपा वजनकाट्यावर नेऊन पाहाव्यात. किती उंचीपर्यंत ओले लाकूड भरले की पासिंग पूर्ण होते, याचा अंदाज एकदा आला की हौद्याच्या आत तिथे रेघ मारावी. कामाचा दर सांगतानाही खेपा मोजूनच सांगावा. दोन खेपांचे काम एका खेपेच्या पैशांत घेतले की चालक गाडी जास्त भरणारच. तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

५. भारावर बसलेला मजूर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संध्याकाळी काम आटोपते, गाडी लाकडांनी भरते आणि मजूर त्याच लाकडांवर बसून घरी निघतात. गतिरोधकावर गाडी उडाली, ओंडका सरकला, की आधी खाली येतो तो वर बसलेला माणूस.

मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाड्याने प्रवास करणाऱ्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी खटल्यातील २००२ सालचा निर्णय आहे. मालकाने कामावर ठेवलेल्या मजुराला कायद्याचे संरक्षण आहे, पण तो आपला मजूर होता हे सिद्ध करता आले पाहिजे आणि पॉलिसीत तेवढ्या माणसांचा हप्ता भरलेला असला पाहिजे. ज्या मालकाकडे हजेरीचे साधे रजिस्टरही नसते, तो न्यायाधिकरणापुढे काय दाखवणार? ट्रॅक्टरची स्थिती आणखी कठीण आहे. बहुतेक ट्रॅक्टरांच्या नोंदणी पुस्तकात आसनक्षमता एक, म्हणजे फक्त चालकाची असते. मडगार्डवर बसलेल्या माणसाला त्या पुस्तकात जागाच नाही.

म्हणून आमचे आग्रहाने सांगणे आहे की मजुरांना केबिनमध्ये पुस्तकात लिहिली आहेत तेवढ्याच संख्येने बसवावे आणि उरलेल्यांना रिक्षा किंवा एस.टी.चे भाडे द्यावे. हे भाडे कामाच्या दरात आधीच धरावे. विमा काढताना एजंटाला ‘माझ्याबरोबर इतके मजूर असतात’ असे स्पष्ट सांगून त्यांचा जादा हप्ता भरावा. हजेरीच्या वहीत रोज नाव, काम आणि दिलेली मजुरी लिहावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडीची पॉलिसी गाडीच्या अपघातापुरती असते. झाड कापताना फांदी शेजाऱ्याच्या मोटारीवर पडली, तर ती पॉलिसी उपयोगी पडेल असे धरून चालू नये. त्यासाठी कामाचा वेगळा विमा असतो. मोठ्या सोसायट्यांची कामे घेणाऱ्यांनी त्याची चौकशी करावी.

६. लाकडाचाही कागद हवा

गाडीचे सर्व कागद बरोबर असले तरी आतील लाकडामुळे गाडी जाऊ शकते. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे तोडीची परवानगी लागते. त्याबाहेर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतील झाडांना परवानगी लागते. या यादीत साग, चंदन, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि मोह हीसुद्धा झाडे आहेत. घरामागचा आंबा आपल्याच मालकीचा असला तरी ही अट सुटत नाही. लाकूड वाहतुकीसाठी वन खात्याचा पास लागणारा प्रकार असेल तर तो गाडी हलण्यापूर्वी घ्यावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक पास पद्धत देशभर सुरू केली असून तिच्यात ऑनलाइन अर्ज करता येतो. बेकायदा वनोपज वाहताना सापडलेली गाडी वन खाते जप्त करू शकते आणि महाराष्ट्रात ती सरकारजमा करण्याचाही अधिकार अधिकाऱ्यांना आहे. ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून ती सुटत नाही. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे मालकाला दाखवावे लागते. म्हणून मालकाने परवानगीची प्रत हातात दिल्याशिवाय कटर सुरू करू नये, आणि ती प्रत गाडीत ठेवावी.

७. प्रथम काय करावे?

सगळे एका दिवसात होणार नाही. ज्याच्या खिशात पैसा थोडा आहे त्याने हा क्रम धरावा. आज नोंदणी पुस्तक आणि पॉलिसी शेजारी ठेवून वापर, वजन, माणसे आणि ट्रॉलीचा नंबर ताडून पाहावा. या आठवड्यात चालकाच्या लायसन्सची आणि फिटनेस, पी.यू.सी. यांची मुदत वहीत लिहावी. पुढील हप्त्याच्या वेळी विम्यात मजूर आणि ट्रॉली घालून घ्यावी. बिननंबरची ट्रॉली असेल तर तिची नोंदणी होते का, याची आर.टी.ओ.त चौकशी करावी आणि तोपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यावर काढू नये. मूळ कागद लाकडांच्या धुळीत खराब होत असतील तर ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमध्ये ठेवावेत. तपासणीत तेही चालतात.

या सर्वांचा खर्च येतो हे आम्ही जाणतो. शेजारचा कंत्राटदार काहीच न करता कमी दराने काम घेतो, हेही खरे आहे. पण त्याचा दर कमी असतो तो त्याच्या मजुरांच्या जिवावर आणि त्याच्या स्वतःच्या घरावर उचललेल्या जोखमीमुळे. ग्राहकाला दर सांगताना आपले कागद दाखवावेत आणि दर का जास्त आहे ते समजावून सांगावे. झाड पडून काही झाले तर आपल्याही दारात प्रश्न येणार, हे सोसायटीच्या सचिवाला कळते. तो एकदा कागद पाहून काम देऊ लागला की पुढच्या पावसाळ्यात फोन आपल्यालाच करतो.